गालांना काय केलंत?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. आमच्या इंदूरात, सानंद संस्थेच्या नाटकाच्या मध्यंतरात, रामबागेतल्या हळदीकुंकवाला आणि एकदा तर सराफ्यातल्या खाऊगल्लीत हातात गराडूचा, म्हणजे तळलेल्या कंदाचा, द्रोण असताना मला हाच प्रश्न आला आहे : “काकू, गालांना काय केलंत?” लपवण्यासारखे त्यात काही नाही. वयाच्या ६२व्या वर्षी मी गालांत फिलरची, म्हणजे खड्डे भरून काढणाऱ्या जेलीची, इंजेक्शने घेतली.

त्याआधीची दोन वर्षे लोक मला निराळेच विचारत असत : “बरं नाही का?” मधुमेह आटोक्यात आणताना माझे अकरा किलो वजन उतरले आणि त्यातले पहिले चेहऱ्यावरूनच उतरले असावे. प्रकृती उत्तम, साखर ताब्यात, आणि तरी भेटेल तो आजारपणाची चौकशी करणार. तरुण दिसण्याची हौस मुळीच नव्हती असे म्हणणार नाही. पण दवाखान्याची पायरी चढले ती या चौकशीला कंटाळून.

डॉक्टरबाईंनी आधी हातात आरसा दिला आणि खुर्ची मागे पाडून तो चेहऱ्यावर धरायला लावला. गाल कानांकडे सरकले, नाकापासून ओठाच्या कोपऱ्यापर्यंतची घडी जवळजवळ मिटली. मग तोच आरसा मांडीवर ठेवून वाकून पाहायला सांगितले, तेव्हा त्यात मला दिवाणखान्यातल्या तसबिरीतल्या आजेसासूबाई दिसल्या. घडी जिथे दिसते तिथे मूळ दोष नसतो, हे त्यांना दाखवायचे होते. वयानुसार डोळ्यांच्या खोबण्या रुंदावतात, वरच्या जबड्याचे हाड मागे सरते, गालांतल्या खोल चरबीच्या गाद्या आक्रसतात, आणि रजोनिवृत्तीनंतरच्या पहिल्या ५ वर्षांत सुमारे ३० टक्के कोलॅजेन, म्हणजे त्वचेला घट्टपणा देणारे प्रथिन, गमावलेली त्वचा खालचा आधार गेल्यामुळे उतरते. गादीतला कापूस बसला की खोळ सैल पडते. मी इतकी वर्षे निरनिराळी मलमे लावून खोळीलाच इस्त्री करत होते.

पुष्कळ जणी याला बोटॉक्स समजतात. ते वेगळे, त्याने स्नायू सैलावतात आणि कपाळाच्या आठ्या कमी होतात, खड्डा भरत नाही. फिलरमध्ये बहुधा हायल्युरॉनिक आम्लाची जेली असते. हे आम्ल आपल्या त्वचेत मुळातच असते. १९३४ साली कार्ल मेयर आणि जॉन पामर यांनी ते प्रथम गुरांच्या डोळ्यांतून वेगळे काढले आणि ग्रीक भाषेतल्या काचेच्या शब्दावरून त्याचे नाव ठेवले. हे ऐकताच आमच्या वहिनींनी विचारले, “शाकाहारी आहे ना?” प्रश्न गैर नव्हता, कारण अमेरिकेत १९८१ साली मान्यता मिळालेले कोलॅजेनचे फिलर गाईच्या कातड्यापासून काढलेले होते. आजची जेली मात्र बहुतेक जिवाणूंच्या किण्वनातून तयार होते. शरीरातले मूळ आम्ल एक-दोन दिवसांत विरते, म्हणून जेलीतले रेणू रसायनाने एकमेकांना जखडलेले असतात आणि ती सहा महिन्यांपासून वर्ष-दीड वर्षापर्यंत टिकते.

खुणा करताना मला आडवे न करता ताठ बसवले होते, कारण आडवे झाले की गाल खोटे बोलतात. पांढऱ्या पेन्सिलीने गालफडाच्या हाडावर दोन-दोन ठिपके काढले. सुई टोचल्याचे दुखणे क्षणभराचेच. त्यानंतर मळलेल्या कणकेत कोणी आतून बोट रोवावे तसा बोथट दाब तेवढा जाणवला. एक-एक मिलिलीटरच्या दोन सिरिंजा लागल्या. चहाच्या चमच्यात पाच मिलिलीटर मावतात, म्हणजे दोन्ही गालांना मिळून अर्धा चमचाही नाही. आणि तेवढ्या पैशांत एक बरीशी पैठणी आली असती.

आता माझी चूक सांगते. त्याच्या वर्षभर आधी मी दुसऱ्या एका ठिकाणी, स्वस्तात होते म्हणून, डोळ्यांखाली हेच करून घेतले होते. तिथली त्वचा फार पातळ असते. जेली वरच्या थरात राहिली आणि दोन निळसर फुगवटे घेऊन मी जाड काड्यांचा चष्मा लावून हिंडले. या डॉक्टरबाईंनी ते हायल्युरोनिडेझ नावाच्या विकराने (एन्झाइमने) विरघळवले. माझे फुगवट्यांवर भागले. खरी भीती जेली रक्तवाहिनीत शिरण्याची. नाक आणि भुवयांमधली जागा त्यासाठी विशेष बदनाम आहे. तसे झाले तर त्वचा पांढरी पडून मरते, क्वचित दृष्टी जाते, आणि उपचाराला फार वेळ हाती नसतो. म्हणून मला विचारणाऱ्या प्रत्येकीला मी एवढेच सांगते की, भाव विचारण्याआधी ते विरघळवणारे औषध त्याच खोलीत आहे का, हे विचारा, आणि समोरची व्यक्ती गोंधळली तर पर्स उचलून बाहेर या. ब्यूटी पार्लरमध्ये तर हा विषय काढूच नका. कायमस्वरूपी फिलरच्या वाटेलाही जाऊ नये, कारण त्यावर हे विकर चालत नाही.

आता चौदावा महिना चालू आहे. डावा गाल, ज्या कुशीवर मी झोपते तो, किंचित उतरू लागला आहे, आणि पुन्हा घ्यायचे की नाही हे मी अजून ठरवलेले नाही. गेल्या आठवड्यात भाजीवाल्याने माझ्याकडे निरखून पाहत विचारले, “माताजी, तबीयत तो ठीक है न?” मी ‘एकदम ठीक’ म्हणाले आणि वर कोथिंबीर मागून घेतली.