चौथ्या पानावरचं नाव

पदरचे पैसे घालून काढलेलं मराठी पुस्तक हातात आलं की आधी चौथं पान बघावं. प्रकाशक म्हणून बहुतेक वेळा लेखकाच्या बायकोचं नाव, पत्त्यात शिक्षक कॉलनी नाहीतर पोलीस लाइन, आणि अक्षरजुळणी तालुक्याच्या गावातली. बायकोचं नाव प्रेमापोटीच असतं असं नाही. लेखक पुष्कळदा सरकारी नोकर असतो. केंद्राच्या कर्मचाऱ्यांसाठीच्या १९६४ च्या वर्तणूक नियमांनुसार अधूनमधून केलेल्या साहित्यिक लेखनाला पूर्वपरवानगी लागत नाही. राज्य कर्मचाऱ्यांचे नियम वेगळे, १९७९ चे. पण लिहिणं वेगळं आणि छापून विकणं वेगळं. विक्रीला कुणी ‘खासगी धंदा’ म्हटलं तर निस्तरत बसायला नको, म्हणून प्रकाशक घरातलं दुसरं माणूस. तरीही कार्यालयात एक पत्र देऊन पोच घेतलेली बरी.

लेखकाचा पोटापाण्याचा उद्योग चौथ्या पानावर दिसतो, त्याहून जास्त तो हस्तलिखितात दिसतो. कुठल्या चुका सापडतील हे त्यावरूनच ओळखता येतं.

शेतकरी लेखक हल्ली फोनवर बोलून लिहितात. बोलीचा घात तिथेच होतो. माणूस ‘व्हतं’ म्हणतो, फोन ‘होतं’ लिहितो. ‘न्हाई’चं ‘नाही’ होतं, ‘ळ’चा ‘ल’ होतो, विरामचिन्हांचा पत्ता नसतो. वऱ्हाडी किंवा मालवणी मजकूर चार पानांत पुस्तकी होऊन जातो आणि लेखकाला ते कळतही नाही, कारण वाचताना तो मनात स्वतःच्याच बोलीत वाचतो. उपाय कंटाळवाणा आहे, पण दुसरा नाही. बोलताना आवाज वेगळा रेकॉर्ड करायचा, पाच-पाच मिनिटांचे तुकडे ठेवायचे आणि मजकूर ऐकून ताडायचा. त्याआधी नेहमी येणारे चाळीस-पन्नास बोलीशब्द कसे लिहायचे ते एका कागदावर ठरवून ठेवायचं.

रात्रपाळी करणाऱ्या नर्सचं लेखन व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवलेल्या तुकड्यांत असतं. चॅट एक्स्पोर्ट केली की प्रत्येक तुकड्याला तारीख-वेळ चिकटून येते. ती लगेच पुसू नका, घटनांचा क्रम त्यातूनच लागतो. तारखांची एक प्रत बाजूला ठेवून दुसरीवर काम करायचं. रुग्णाचं नुसतं नाव बदलून भागत नाही. गाव, आजार आणि महिना ही तिन्ही खरी राहिली तर माणूस ओळखू येतो. त्यातल्या निदान दोन गोष्टी बदलाव्यात.

निवृत्त कारकून किंवा बँकवाल्याकडे मजकूर टाइप केलेला असतो, पण पंचवीस वर्षांपूर्वीच्या फॉण्टमध्ये. युनिकोडमध्ये, म्हणजे आता सगळीकडे चालणाऱ्या अक्षरपद्धतीत, आणताना रफार शेजारच्या अक्षरावर उडी मारतो, अवतरणचिन्हांच्या जागी भलतंच काही येतं आणि ‘ऱ्य’ची वाट लागते. ‘दुसऱ्या’चं ‘दुसर्या’ होतं. इथे शोधा-बदला करून सगळे ‘र्य’ एका झटक्यात ‘ऱ्य’ करायचा मोह होतो. तो केला की ‘सूर्य’ आणि ‘कार्य’ बिघडलेच म्हणून समजा. शिवाय ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ दोन्ही बरोबर शब्द आहेत, कोकणातल्या लेखकाच्या पुस्तकात तर एकाच पानावर येतात. ‘आचार्यांना’ बोलावलं आणि ‘आचाऱ्यांना’ बोलावलं, यात निमंत्रणाचा अर्थच पालटतो. शब्दागणिक डोळ्यांनीच बघावं लागतं. इनस्क्रिप्ट कीबोर्डवर शिफ्ट धरून जे दाबलं की ‘ऱ’ मिळतो, मग हलन्त, मग ‘य’.

पानं लावताना इनडिझाइन या पानं लावायच्या सॉफ्टवेअरच्या जुन्या आवृत्तीत ‘वर्ल्ड-रेडी कंपोझर’ ही सोय सुरू केली नाही तर पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाऊन बसते. फॉण्ट निवडताना ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे येतात का तेही पाहा. काही फॉण्टांत भाषा ‘मराठी’ निवडल्याशिवाय हिंदी वळणच दिसतं.

छपाईचा हिशेब फॉर्मात, म्हणजे एकत्र छापल्या जाणाऱ्या पानांच्या गठ्ठ्यात, चालतो. डेमी आकारात, म्हणजे साडेपाच बाय साडेआठ इंचांत, १६ पानांचा एक फॉर्म. साधारण अडीचशे शब्दांचं पान धरलं तर तीस हजार शब्दांची १२० पानं आणि सुरुवातीची आठ, असे १२८ पानांचे बरोबर आठ फॉर्म. १३१ पानं झाली की बिल १४४ चं. ही तीन पानं कथेतून कापायची गरज क्वचितच पडते. एक प्रस्तावना, एक ‘दोन शब्द’ (ते सात पानं चालतात), एक मनोगत आणि वर ऋणनिर्देश, यातलं काहीतरी गाळा. मुखपृष्ठही पानसंख्या पक्की झाल्यावरच अंतिम करावं: ७० जीएसएम जाडीच्या मॅपलिथो कागदावर १२८ पानांचा कणा (पुस्तकाची पाठ) जेमतेम सहा मिलिमीटर भरतो, आणि आधीच आठ मिलिमीटर धरून केलेलं कण्यावरचं नाव बांधणीत पुढे सरकतं.

तीनशे प्रतींपर्यंत डिजिटल, पाचशेच्या पुढे ऑफसेट परवडतं. प्रत ८० रुपयांना पडली आणि किंमत २०० ठेवली, तर दुकानदाराचे ४० टक्के गेल्यावर १२० हातात येतात, म्हणजे प्रतीमागे चाळीस. प्रकाशन समारंभात सप्रेम भेट वाटलेली एक प्रत भरून काढायला दोन विकाव्या लागतात. भेटप्रतींचा आकडा आधीच ठरवून तेवढ्याच प्रती हॉलवर न्याव्यात.

टपालाचंही असंच. असं पुस्तक दीडशे ग्रॅमच्या आसपास भरतं. मे २०२५ मध्ये टपाल खात्याने पुस्तकांसाठी ‘ज्ञान पोस्ट’ सुरू केलं तेव्हा ३०० ग्रॅमपर्यंतचा दर २० रुपये होता. दोन प्रती एकत्र बांधल्या की वेष्टनासकट त्या पुढच्या टप्प्यात जातात. जाहिरात असलेलं पुस्तक त्यात चालत नाही, त्यामुळे शेवटच्या पानावर गावातल्या ट्रॅक्टर शोरूमच्या ‘हार्दिक शुभेच्छा’ छापताना विचार करा.

आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक, दिल्लीच्या राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून फुकट मिळतो आणि अर्ज घरबसल्या भरता येतो. ‘काढून देतो’ म्हणणाऱ्याला पैसे देऊ नयेत. ई-बुक काढणार असाल तर त्याचा क्रमांक वेगळा लागतो.

पुस्तक छापून आल्यावरचं एक काम मात्र बहुतेकांकडून राहतं. १९५४ च्या कायद्यानुसार प्रकाशनापासून तीस दिवसांत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयात, आणि मुंबई, चेन्नई व दिल्लीच्या ठरलेल्या ग्रंथालयांत एकेक प्रत स्वखर्चाने पाठवायची असते. जबाबदारी लेखकाची नाही, प्रकाशकाची. म्हणजे चौथ्या पानावर जिचं नाव घातलंय तिची, आणि तिला हे कुणी सांगितलेलं नसतं.