खालच्यांना विचारलं का?

एप्रिल 2016मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे गेली, तेव्हा मला अमेरिकेत, टेक्सासमधल्या ऑस्टिनला येऊन दोन वर्षं झाली होती. पहिल्या फेरीत 5 लाख लिटर पाणी आलं. त्या रात्री बाबा फोनवर फारसं बोललेच नाहीत. त्यामुळे आमच्या या शहराने पुढच्या 100 वर्षांच्या पाण्याच्या आराखड्यावर लोकांच्या सूचना मागवल्याचं कळलं, तेव्हा मी लगेच नाव दिलं.

आराखड्याचं नाव 'वॉटर फॉरवर्ड'. 2018मध्ये तो पहिल्यांदा मंजूर झाला आणि दर पाच वर्षांनी तो नव्याने तपासायचा असं ठरलं. मी सामील झाले ते 2024च्या फेरआखणीत. ऑस्टिन पिण्याचं पाणी कोलोरॅडो नदीतून घेतं (ग्रँड कॅनियनची ती वेगळी, ही टेक्सासची स्वतःची). वरच्या बाजूला ट्रॅव्हिस आणि बुकॅनन हे दोन मोठे जलाशय आहेत. दोन्ही भरले तर सुमारे 20 लाख एकर-फूट, आपल्या हिशेबात 85च्या आसपास टीएमसी. म्हणजे एकट्या उजनीपेक्षा कमी. 2013च्या दुष्काळात या दोन जलाशयांत जेमतेम तिसरा हिस्सा उरला होता. मी आले त्या वर्षीही बोटींचे धक्के कोरड्या मातीवर टेकलेले मी पाहिले आहेत.

आमच्या अपार्टमेंटमधल्या लोकांची मतं गोळा करायचं काम मी अंगावर घेतलं. पहिल्या शनिवारी दारोदार जाऊन विचारलं, "पाणी वाचवायला काय करता येईल?" सगळीकडे एकच उत्तर: दात घासताना नळ बंद ठेवायचा. भाडेकरूंना पाण्याचं वेगळं बिल येत नाही, अंगणात हिरवळ नाही. या प्रश्नात त्यांचं असं काहीच नव्हतं. चूक माझ्या प्रश्नाची होती.

दुसऱ्या शनिवारी प्रश्न बदलला. "तुमच्या घरचं पाणी शेवटचं कधी गेलं होतं?" मग दारातून आत बोलावून चहा-कॉफी मिळायला लागली. फेब्रुवारी 2021च्या गोठवणाऱ्या थंडीत शहरभर पाइप फुटले, कित्येक दिवस नळ कोरडे राहिले, आलेलं पाणी उकळून प्यायच्या सूचना होत्या. एका बाईंनी पातेल्यात बर्फ वितळवून संडासात ओतला होता. दोन लहान मुलांच्या आईने सांगितलं, वरच्या मजल्यावरचं पाणी तिच्या छतातून तासन्‌तास गळत होतं, कारण मुख्य व्हॉल्व्ह कुठे आहे हे इमारतीत कुणालाच माहीत नव्हतं. भाडेकरूला घर देताना व्हॉल्व्ह दाखवलाच पाहिजे, ही आमची पहिली सूचना झाली.

तळमजल्यावर राहणाऱ्या सफाई कामगाराचं म्हणणं मात्र माझ्या मनातून जाईना. त्याचा भाऊ नदीच्या मुखाकडे, मॅटागोर्डाच्या भागात भातशेतीवर कामाला होता. 2012पासून सलग चार हंगाम तिथल्या बहुतेक भातशेतीला जलाशयांतून पाणी सोडलंच नाही. मजुरी गेली, भाऊ ह्यूस्टनला निघून गेला.

मी बाबांना हे सांगितलं. ते लगेच म्हणाले, "मग खालच्यांना विचारलं का?"

खालचे म्हणजे नदीच्या खालच्या अंगाचे. मराठवाड्यात वाढलेल्या माणसाला हा प्रश्न सुचतोच. जायकवाडीत वरून पाणी सोडायचं की नाही यावरची भांडणं आम्ही लहानपणापासून ऐकत आलोय. तरी तोवर मी स्वतः फक्त शहराचाच विचार करत होते. ऑस्टिनने 1999च्या करारात 10 कोटी डॉलर आगाऊ भरून वर्षाला 3,25,000 एकर-फुटांपर्यंतचं पाणी पक्कं केलंय, साधारण 14 टीएमसी. मला त्याचं फक्त कौतुक वाटायचं.

शोधत गेले तेव्हा कळलं, टेक्सासात पाण्याच्या नियोजनासाठी 16 विभागीय गट आहेत. आमच्या खोऱ्याचा 'रीजन के'. त्यात शहरांचे प्रतिनिधी असतात आणि शेतीचेही, बैठका सगळ्यांना खुल्या असतात. मी एका बैठकीला मागच्या रांगेत जाऊन बसले. अर्ध्याहून जास्त तांत्रिक भाषा डोक्यावरून गेली. पण भाताच्या मागणीचे आकडे निघाले तेव्हा शेतीकडचे लोक अडून बसले, आणि शहरांकडची मंडळी शेवटपर्यंत ऐकत होती.

आमची लेखी सूचना मी पुन्हा लिहिली. सांडपाणी शुद्ध करून वापरणं, पावसाळ्यातलं जास्तीचं पाणी जमिनीखालच्या खडकांत साठवणं, या आराखड्यातल्या उपायांना पाठिंबा दिला. त्याखाली एक ओळ घातली: शहराने वाचवलेल्या पाण्यातलं किती खाली जाईल, ते लोकांना कळेल अशा भाषेत सांगा. खाली 31 सह्या झाल्या. पहिली त्या सफाई कामगाराची.

नोव्हेंबर 2024मध्ये नवा आराखडा नगर परिषदेत मंजूर झाला. मी बाबांना फोन केला, 'रीजन के'बद्दलही सांगितलं.

"तिथं शेतकरी बोलतो?"

"बोलतो. शहराचा माणूस समोर बसून ऐकतो."

ते थोडा वेळ थांबले. मग त्यांनी मांजरा धरणात किती पाणी आहे ते सांगितलं, आणि मी ट्रॅव्हिसमध्ये किती आहे ते.