चिमटीतलं वजन

स्केल मॉडेल, म्हणजे खऱ्या विमान-रणगाड्यांची सुट्या प्लॅस्टिक भागांच्या किटमधून जोडलेली छोटी प्रतिकृती, करणाऱ्याला आपला छंद अंगमेहनतीचा आहे असं स्वप्नातही वाटत नाही. वाटावं तरी कसं? १/७२ मापाचं लढाऊ विमान पूर्ण करून तळहातावर ठेवलं, तर ठेवलंय की नाही हे बघून खात्री करावी लागते. बसायला खुर्ची, डोक्यावर दिवा, घामाचा थेंब नाही. घरच्यांच्या हिशेबी हा माणूस 'नुसता बसलेला' असतो. त्यामुळे अंगठ्याच्या मुळाशी ठणका लागला की पहिला संशय उशीवर जातो, मग मोबाइलवर आणि शेवटी वयावर. रोज तासन्‌तास हातात असणाऱ्या निपरचं, म्हणजे भाग कापायच्या छोट्या पकडीचं, नाव चौकशीत येतच नाही.

त्या मानाने पात्याची जखम सरळमार्गी. ती दिसते, रक्त काढते, आणि बोटाला पट्टी बांधून फिरलं की चार जण आपुलकीने विचारतातही. मॉडेलवाल्यांच्या बोटांवर ज्या बारीक पांढऱ्या रेघा असतात, त्या बहुतेक ११ नंबरच्या टोकदार पात्याच्या. सुटा भाग मॅटवर टेकवायचा सोडून बोटांतच धरला आणि पातं आपल्याकडे ओढलं, की ही रेघ मिळते. दुसरा मार्ग गडगडणाऱ्या चाकूचा. त्याची मूठ गोल, त्यामुळे टेबलाला जरा उतार मिळाला की तो निघालाच. चाकू निसटला की हात झेलायला धावतो आणि मांड्या आपोआप मिटतात. दोन्ही ठिकाणी त्या पात्याचं काही काम नसतं. मुठीवर षटकोनी कडं बसवावं, नाहीतर खोडरबराला भोक पाडून तो तुकडा अडकवावा, गडगडणं थांबतं. तरीही निसटलाच, तर पडू द्यावा. हे डोक्याला लगेच पटतं, हाताला पटायला वेळ लागतो. म्हणून पायात बूट असलेले बरे.

बोथट पात्याची गंमत वेगळी. महागडं किट घेताना हात आखडत नाही, पण पातं बदलायची वेळ आली की आमच्यातला काटकसरी माणूस जागा होतो. 'अजून चालतंय की!' चालतं, पण जोर लावून. नवं पातं प्लॅस्टिकमध्ये आपणहून शिरतं. जुन्याला ढकलावं लागतं, आणि ढकललेलं पातं प्लॅस्टिक संपलं म्हणून थांबत नाही. शिवाय प्रत्येक कापाला लागणारा तो जास्तीचा जोर मनगटाच्या खात्यावर जमा होत राहतो.

सुपरग्लूने चिकटलेली बोटं हा किस्सा सांगायला बरा. हॅरी कूवर यांना १९४२ मध्ये बंदुकांच्या दुर्बिणींसाठी पारदर्शक प्लॅस्टिक शोधताना हा पदार्थ हाती लागला. जिथे लागेल तिथे चिकटतो म्हणून तेव्हा तो वैतागून बाजूला ठेवला गेला, आणि बाजारात यायला १९५८ साल उजाडलं. कूवर यांचा तेव्हाचा वैताग दोन बोटं एकत्र जडलेल्या कुठल्याही माणसाला कळेल. अशा वेळी बोटं ओढून सोडवायची नाहीत, कातडी निघते. कोमट साबणाच्या पाण्यात बुडवून, एकमेकांवर हलके फिरवत सोडवायची. कातडी शाबूत असेल तर ॲसिटोनही चालतं, पण डोळ्यांपासून आणि कुठल्याही ठिणगीपासून दूर. सांडलेला ग्लू पुसायला कापूस मात्र घेऊ नये. कापसाशी त्याची अशी काही झटापट होते की चटका बसण्याइतकी उष्णता निघते.

पण हे सगळे आरडाओरडा करणारे अपघात. आपला खरा विषय गुपचूप येणाऱ्या दुखण्याचा आहे, आणि ते समजून घ्यायला रणगाड्याचे पट्टे पुरेत.

जर्मन टायगर १ रणगाड्याच्या एका बाजूच्या पट्ट्यात ९६ कड्या असतात. सुट्या कड्यांचं १/३५ किट घेतलं तर दोन्ही बाजूंच्या मिळून १९२. प्रत्येक कडी स्प्रूला, म्हणजे किटमधले भाग जिला जोडलेले येतात त्या प्लॅस्टिकच्या चौकटीला, चार ठिकाणी जोडलेली धरा. नीटनेटका माणूस एका जोडावर दोनदा निपर चालवतो, आधी जरा लांबून आणि मग अंगालगत, म्हणजे प्लॅस्टिकवर पांढरा डाग पडत नाही. गुणाकार केला तर हात दीड हजारांहून जास्त वेळा मिटतो. त्यानंतर प्रत्येक कडी चिमटीत धरून सँडपेपरवर घासायची. एका रविवारी बसून संपवण्यासारखं काम वाटतं, आणि लोक ते खरंच एका रविवारी संपवतात. सोमवारी सकाळी बरणीचं झाकण उघडत नाही.

यातली फसवी गोष्ट अशी की या कडीला वजनच नाही. नुसतं उचलायचं तर मुंगीही उचलेल. मग बोटं एवढी का आवळतात? आवळतात ती उचलण्यासाठी नाहीच, हरवू नये म्हणून आवळतात. चिमट्यातून टिंग्‌ असा आवाज होतो आणि विमानाचा लँडिंग लाइट विश्वात विलीन होतो, हा प्रसंग ज्याच्यावर एकदा आला त्याची पकड पुन्हा कधी सैल होत नाही. भाग जितका बारीक तितकी भीती मोठी, आणि भीती जितकी मोठी तितकी चिमट घट्ट. फोटो-एचचा, म्हणजे रसायनाने कोरून काढलेल्या पितळी पत्र्याचा, हँडल चिमट्यात धरलेला माणूस पाहा. नखं पांढरी पडलेली, खांदे कानांपर्यंत चढलेले, श्वास रोखलेला. दोन माणसांनी मिळून कपाट उचलावं तसा त्याचा अवतार असतो.

चिमटीचा हिशेबही सरळ नाही. अंगठ्याच्या टोकाशी एक किलोचा जोर लावला, तर त्याच्या मुळाशी मनगटालगत जो सांधा आहे त्याच्यावर सुमारे १२ किलोचा दाब येतो. अंगठा म्हणजे तरफच, आणि तरफेचा तोटा मुळाशी असलेल्याला सोसावा लागतो. त्याच बाजूने मनगटावरून अंगठ्याचे दोन कंडरे (स्नायूला हाडाशी बांधणारे दोर) एका अरुंद म्यानातून जातात. ते सुजले की अंगठा मुठीत घेऊन मूठ करंगळीकडे झुकवताना डोळ्यांपुढे काजवे चमकतात. स्विस शल्यविशारद फ्रिट्झ द करव्हाँ यांनी १८९५ मध्ये या दुखण्याचं वर्णन केलं आणि त्यांचंच नाव त्याला चिकटलं. पलीकडे तळहाताच्या बाजूला आणखी एक बोगदा आहे. त्यातून बोटं मिटवणारे नऊ कंडरे आणि एक मज्जातंतू दाटीवाटीने जातात. मनगट वाकवून धरलं की त्या दाटीत भर पडते, आणि अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेचा अर्धा भाग बधिर होऊ लागतो. करंगळी मात्र मजेत असते, कारण तिचा तंतू दुसऱ्या वाटेने जातो.

हातांची ही रड काही आजची नाही. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला इटलीतले वैद्य बर्नार्दिनो रामाझिनी यांनी लेखनिकांच्या दुखण्याची कारणं नोंदवली होती: सतत बसून राहणं, हाताची तीच ती हालचाल, आणि चूक होऊ नये म्हणून मनावर असलेला ताण. तिसरं कारण वाचताना आपलंच नाव वाचल्यासारखं होतं. त्यांच्या पाहण्यातल्या एका लेखनिकाचा उजवा हात निकामी झाला, म्हणून तो डाव्या हाताने लिहायला शिकला, आणि काही काळाने तोही गेला. हात बदलला, पद्धत बदलली नाही.

म्हणून माझा भर व्यायामाच्या तक्त्यांपेक्षा भीती कमी करण्यावर आहे. ज्या गोष्टीने भाग हरवण्याची धास्ती जाते, तिने चिमट आपोआप सैल होते. टेबलाच्या कडेला एप्रनचं खालचं टोक अडकवून मांडीवर झोळी करावी, निसटलेलं सगळं तिच्यात पडतं. उंच काठाच्या ट्रेमध्ये भाग कापावेत. उलटा चिमटा घ्यावा, जो दाबल्यावर उघडतो आणि सोडल्यावर धरतो, म्हणजे धरून ठेवायचं काम स्प्रिंग करते. रंगवायची आकृती बोटांत न धरता बाटलीच्या बुचावर चिकटवावी आणि ते जाड बूच मुठीत धरावं. चाकूची किंवा ब्रशची मूठ काडीसारखी असेल तर तिच्यावर फोमची नळी चढवून जाड करावी, कारण बारीक दांडी धरायला जास्त आवळावी लागते. एअरब्रशच्या (हवेने रंग फवारणाऱ्या पेनाच्या) नळीचं वजन मनगटाला लटकू देण्यापेक्षा ती दंडावरून घ्यावी. आणि धारदार निपर घ्यावा. एकाच बाजूला पातं असलेले निपर महाग असतात, पण लोण्यातून चालल्यासारखे चालतात. ते जाड स्प्रूवर चालवून मोडायचे नाहीत एवढं पथ्य पाळावं लागतं.

विश्रांतीबद्दल सगळे सांगतात आणि कोणी ऐकत नाही, कारण 'एवढी एक कडी झाली की उठतो' हे वाक्य १९२ वेळा म्हणता येतं. घड्याळ लावून उठणं मॉडेलवाल्याला जमत नाही. काम बदलणं जमतं. वीस कड्या कापल्या की रंग मिसळावा, मग थोडं घासावं, मग पुन्हा निपर. पट्टे आठवडाभर पसरले तर रणगाडा काही पळून जात नाही. (तसाही तो चालणार नसतोच.)

दुखणं विश्रांतीने उतरत नसेल, रात्री हाताला मुंग्या येऊन जाग येत असेल आणि तो झटकावा लागत असेल किंवा हातातून वस्तू निसटायला लागल्या असतील, तर मलमं चोळत बसू नये. डॉक्टरांकडे गेल्यावर ते काम काय करता हे विचारतात आणि आपण नोकरी सांगतो. छंद सांगायला संकोच वाटतो, इतक्या मोठ्या माणसाने खेळण्यातले रणगाडे वगैरे. तो सांगावा. निपर सोबत न्यावा आणि कसा धरतो ते करून दाखवावं. कुठली बोटं बधिर होतात, करंगळी त्यात आहे की नाही, हे आधीच पाहून ठेवावं, म्हणजे निदानाला मदत होते. बहुधा अंगठ्याला आधारपट्टी मिळेल आणि काही आठवडे चिमट बंद. त्या आठवड्यांत रंगछटा ठरवता येतात, संदर्भाचे फोटो जमवता येतात, माळ्यावर न उघडलेली किती किटं साठली आहेत याची यादी करता येते. फक्त ते खोके खाली काढायला दुसऱ्या कोणाला तरी सांगावं.