बांधावरची जांभळं हलवली: या हंगामाची नोंद

मोठ्या जांभळाखाली आपोआप उगवलेली रोपं शेताच्या कडेला न्यायचं काम एकदाचं आटोपलं. कडेला वाऱ्याला आडोसा हवा होता आणि इथे ती सावलीत एकमेकांना दाबत वाढत होती.

वीतभर रोपांचं फारसं सांगण्यासारखं नाही. जमीन आदल्या दिवशी भिजवली, पहार खोल घातली आणि मातीसकट उचलली. एक मात्र बघा: जांभळाच्या एकाच बीतून बरेचदा दोन-तीन कोंब येतात आणि लांबून ते एकच रोप वाटतं. दमदार कोंब ठेवून बाकीचे कात्रीने बुडाशी कापावेत. उपटले तर ठेवायच्या रोपाची मुळंही दुखावतात.

खरा कस लागतो कंबरेएवढ्या रोपांना. सदाहरित झाड एकदम निष्पर्ण होत नाही, त्यामुळे ते पुरतं निजलंय असा काळच मिळत नाही. मुळं तुटली तरी पानांतून पाणी उडतच राहतं. म्हणून या रोपांभोवती आदल्या हंगामात धारदार फावड्याने अर्धा गोल चर मारला होता, उरलेला अर्धा काही महिन्यांनी. चरात कुजलेला पाला आणि भुसभुशीत माती. आता उकरलं तर चर मारताना कापलेल्या प्रत्येक मुळाच्या तोंडाशी नव्या पांढऱ्या मुळांचा झुपका! त्या मुळांनीच मातीचा गोळा बांधून धरला होता. सोटमूळ शेवटी खालून कापावं लागलंच, पण छाटणीच्या कात्रीने, एका घावात.

खोड इंचभर जाड असेल तर गोळा 10 ते 12 इंच रुंद धरा. फूटभर रुंद आणि तेवढाच खोल ओला गोळा 35-40 किलोंच्या घरात जातो. खोडाला धरून तो उचलायचा नाही. गोणपाटावर सरकवून, सुतळीने आवळून दोघांनी न्यायचा.

खड्डा गोळ्याच्या दुप्पट रुंद, खोली मात्र गोळ्याएवढीच. तळाशी सैल माती राहिली तर झाड खचतं आणि बुंधा गाडला जातो. शेणखत घातलं नाही. वरून पाल्याचं आच्छादन, खोडापासून चार बोटं लांब. पानं निम्मी छाटली. चीड-देवदार हलवणाऱ्यांनी यात माझं अनुकरण करू नये; पानं नसलेल्या जुन्या लाकडावर त्यांना सहसा फुटवा येत नाही.

आता रोपं जगली का? हिरव्या रंगावर माझा भरवसा नाही. चीड-देवदारासारखं सूचिपर्णी झाड तर मेल्यावरही कित्येक आठवडे हिरवंच दिसतं. जांभळाची पानं पिवळी पडून गळाली तर मी निर्धास्त असतो, कारण पान गाळायला फांदी जिवंत लागते. पानं करपून फांदीलाच लटकत राहिली की समजायचं, ती फांदी गेली. एका रोपाचा शेंडा असाच करपला. नखाने साल खरवडत खाली आलो, तर गुडघ्याच्या उंचीवर हिरवी ओल लागली. तिथवर छाटलं आणि आता त्याच्या खालून तांबूस फुटवा निघालाय.

उतारावरचं मनगटाएवढं जाड जांभूळ जागेवरच ठेवतोय. त्याचं मूळ खडकाच्या फटीत शिरलंय, गोळा निघणारच नाही. पुढच्या खेपेच्या रोपांना पहिला अर्धा चर मारून झालाय.