परदेशी पर्यटकांचे महिने आणि आपला सातारा

भारतात येणाऱ्या परदेशी पर्यटकांचे महिनावार आकडे केंद्रीय पर्यटन मंत्रालय प्रसिद्ध करते आणि त्यांची बातमी बहुधा ‘मागील महिन्यापेक्षा इतकी घट’ अशा मथळ्याने छापली जाते. आकडा बरोबर असला, तरी ही तुलना फारशी उपयोगाची नसते. करोनापूर्वीचे २०१९ हे वर्ष घेतले, तर जानेवारीत सुमारे ११ लाख ११ हजार परदेशी नागरिक आले, मे महिन्यात ही संख्या ६ लाख १५ हजारांपर्यंत उतरली आणि डिसेंबरमध्ये ती १२ लाख २६ हजारांवर गेली. मे महिन्यातील उतार नेहमीचाच आहे. आग्रा-जयपूरच्या त्या उन्हात हौसेने कोण येणार? म्हणून मे महिन्याची तुलना आदल्या वर्षीच्या मे महिन्याशीच करावी लागते.

तीही डोळे झाकून करता येत नाही. ईस्टर कधी मार्चमध्ये येतो, कधी एप्रिलमध्ये. रमजान ईद दरवर्षी सुमारे अकरा दिवस अलीकडे सरकते, आणि त्यांबरोबर सुट्ट्यांचे प्रवासही सरकतात. करोनाकाळाने तर टक्केवारीचा अर्थच घालवला. एप्रिल २०२० मध्ये आलेल्यांची संख्या तीन हजारांच्याही आत होती. त्यापुढे कोणताही एप्रिल मांडला, तरी वाढ डोळे दिपवणारीच दिसणार.

मला सर्वांत बोलका वाटतो तो जुलै. २०१९ च्या जूनमध्ये ७ लाख २६ हजार आणि सप्टेंबरमध्ये ७ लाख ५१ हजार लोक आले, पण ऐन पावसाळ्यातल्या जुलैमध्ये ८ लाख १८ हजार! याचे कारण मोजण्याच्या पद्धतीत आहे. इमिग्रेशनच्या ठाण्यावर पाहिला जातो तो पासपोर्ट. त्यामुळे अमेरिकेतील शाळांना सुट्टी लागल्यावर मुलाबाळांसह आजोळी येणारे, मूळचे इथलेच पण आता अमेरिकी नागरिक असलेले कुटुंबही ‘परदेशी पर्यटक’ ठरते. त्या वर्षी आलेल्यांपैकी जवळजवळ चौथा हिस्सा बांगलादेशी नागरिकांचा होता, आणि त्यांतील अनेक जण उपचारांसाठी किंवा नातेवाइकांकडे येतात. शिवाय ही संख्या माणसांची नसून आगमनांची असते. वर्षात तीनदा आलेला व्यापारी तीनदा मोजला जातो.

हे सगळे साताऱ्यात बसून लिहिण्याचे कारण असे की, जुलै २०२५ मध्ये प्रतापगडासह मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेल्यापासून ‘आता परदेशी पर्यटक येतील’ हे वाक्य इथे वारंवार ऐकू येते. कास पठार ज्या पश्चिम घाटाचा भाग आहे, तो २०१२ पासून त्याच यादीत आहे. पण कास फुलते ऑगस्टअखेरीपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत, म्हणजे परदेशी आगमनांच्या मंद महिन्यांत. आणि महाबळेश्वरला खोली मिळत नाही तो मे महिना देशाच्या आकड्यांत सर्वांत खाली असतो. परदेशी पाहुण्यांचा आणि साताऱ्याचा हंगाम जुळतो तो नोव्हेंबर ते फेब्रुवारीत, जेव्हा हवा कोरडी असते, प्रतापगड चढायला सोपा असतो आणि पाचगणीच्या वाटेवर स्ट्रॉबेरी येऊ लागते. परदेशी पाहुण्यांसाठी प्रशिक्षित मार्गदर्शक नेमायचे किंवा इंग्रजी फलक लावायचे असतील, तर ते दिवाळीपूर्वी व्हायला हवे. मे महिन्याच्या गर्दीकडे पाहून ही आखणी करण्यात अर्थ नाही.

मात्र देशाच्या आकड्यांवरून जिल्ह्याचा अंदाज बांधण्यालाही मर्यादा आहेच, कारण दिल्ली किंवा मुंबईला उतरलेला माणूस पुढे कुठे गेला, हे त्यांत नसते. ती माहिती दुसरीकडे आहे. परदेशी पाहुणा उतरला की हॉटेल किंवा लॉजला चोवीस तासांत त्याची माहिती ऑनलाइन अर्जात (पूर्वीचा ‘सी फॉर्म’) सरकारला कळवावी लागते. नावे वगळून या नोंदींची नुसती महिनावार बेरीज जिल्ह्याने जाहीर केली, तरी साताऱ्याचा स्वतःचा जुलै कसा असतो आणि डिसेंबर कसा, हे इथल्या व्यावसायिकांना पाहता येईल.