छोटा ट्रॅक्टर, एकफाळी नांगर आणि दोन फळ्या

गहू निघाला की आठ दिवसांच्या आत नांगरायचंच, असं यंदा आधीच ठरवून टाकलं होतं. आमचं रान ३० गुंठे, कोरेगाव तालुक्यात, मध्यम काळी जमीन. आत जायची वाट म्हणजे दोन बांधांमधली चिंचोळी पट्टी, मोठा ट्रॅक्टर त्यातून येत नाही, आणि एवढ्याशा तुकड्यासाठी भाड्याने यायला कुणी पटकन तयारही होत नाही. म्हणून दोन वर्षांपूर्वी जुना १८ एचपीचा छोटा ट्रॅक्टर घेतला आणि मागच्या वर्षी त्याला १० इंची एकफाळी नांगर. चालवते मीच.

मागचं वर्ष वाईट गेलं. मे महिन्यात, रान तापून दगड झालेलं असताना मी नांगर घातला. फाळ आत शिरेना, नुसता वरून ओरखडे काढत चालला, मग मी टॉपलिंक (नांगराला ट्रॅक्टरशी वरून जोडणारा, आट्यांनी लांब-आखूड होणारा दांडा) आवळली तर एकदम एवढा खोल घुसला की मागची चाकं जागच्या जागी फिरायला लागली आणि फाळाचा बोल्टच तुटला. बांधावर उभे असलेले सगळे म्हणाले की याला रोटा (फिरत्या पात्यांनी वरची माती भुसभुशीत करणारा रोटाव्हेटर) मारायचा, नांगर ओढणं या ट्रॅक्टरचं काम नाही. मलाही खरं वाटलं तेव्हा. पण सारखा रोटा मारून वरची ४-५ इंच माती मऊ होते आणि खाली घट्ट थर बसतो, पाऊस आत मुरत नाही, हे आमच्याच रानात दिसत होतं, त्यामुळे नांगर सोडायचा नव्हता.

आमचे चुलत सासरे, आबा, यांनी आयुष्यभर बैलांनी नांगरलंय. त्यांच्या गोठ्यात अजून जुना लोखंडी किर्लोस्कर नांगर आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये औंध संस्थानात नांगराच्या कारखान्याचं गाव, किर्लोस्करवाडी, उभं केलं, आणि सुरुवातीला शेतकरी हा नांगर घ्यायलाच तयार नव्हते, लोखंडाने जमीन नासते म्हणायचे. आबा सांगतात, तो नांगर घरात आला तेव्हाही भावकीत बोलणी झाली होती. यंदा ते येऊन बसले आणि म्हणाले, "अगं, ट्रॅक्टरला बोल लावू नकोस, आधी नांगराची चोच कुठं बघतीय ते बघ."

तर खरं काम रानात जायच्या आधीचं आहे. साधा नांगर माती उजवीकडे पलटतो, म्हणजे दुसऱ्या तासापासून (तास म्हणजे नांगराने पडलेली चरी) ट्रॅक्टरची उजवी चाकं आधीच्या तासात, ६ इंच खाली, आणि डावी वर. ट्रॅक्टर कलला की नांगरही कलतो. म्हणून अंगणात सपाट जागा बघून डाव्या दोन्ही चाकांखाली ६ इंच उंचीच्या फळ्या घातल्या, मागे-पुढे दगड लावले, आणि नांगर खाली सोडला. उजवीकडे एवढा झुकलेला दिसला की मागच्या वर्षी काय चुकलं ते तिथेच कळलं. मग उजवा लिफ्ट रॉड (नांगराची उजवी बाजू उचलून धरणारा दांडा) फिरवून आखूड करत गेले, नांगराची आडवी चौकट जमिनीला समांतर येईपर्यंत.

त्यानंतर टॉपलिंक. आखूड केली की फाळाची चोच खाली जाते आणि नांगर घुसतो, लांब केली की मागची टाच टेकते आणि नांगर वर तरंगतो. मी मागच्या वर्षी एकदम चार-पाच आटे फिरवले होते, तिथेच चूक झाली. एका वेळी एकच आटा फिरवायचा, मग १० पावलं चालवून उतरून तासाचा तळ बघायचा (उतरताना नांगर खाली टेकवून, इंजिन बंद करूनच). तळ सपाट असला पाहिजे. चेक चेन (नांगर बाजूला जास्त हलू नये म्हणूनच्या साखळ्या) थोड्या ढिल्या ठेवल्या, नांगराला इंच-दोन इंच हलायला जागा लागते, पण चाकाला घासता कामा नये. मागच्या टायरमध्ये पाऊण भाग पाणी भरून घेतलं आणि पुढे वजनं लावली, नाहीतर लोड आला की तोंड हलकं होतं, स्टेअरिंग धरत नाही.

पहिलं तास मारताना मात्र दोन्ही चाकं वरच असतात, त्यामुळे उजवा रॉड परत लांब करून उथळ मारायचं, ३-४ इंच, आणि सरळ. समोरच्या बांधावर एक काठी रोवली आणि तिच्यावरच नजर ठेवली, मागे वळून बघितलं की तास वाकडं होतंच. मग रॉड परत फळ्यांवरच्या मापाला आणला आणि लो सेकंड गिअरमध्ये, एक्सलरेटर एकसारखा ठेवून नांगरत गेले.

वापसा, म्हणजे नांगरायला योग्य ओल, यंदा बरोबर सापडला होता. सहा इंच खालची माती मुठीत दाबून कमरेच्या उंचीवरून टाकली, फुटली, म्हणजे चालेल. आणि मग पहिल्यांदा नांगर जसा चालायला पाहिजे तसा चालला, मातीची पट्टी नांगराच्या पंखावर (माती उलटवणाऱ्या वाकड्या पत्र्यावर) चढून अलगद उलटी पडत होती, खालची बाजू ओली, काळी, घासून गुळगुळीत झाल्यासारखी चमकत होती आणि हरळीच्या पांढऱ्या मुळ्या वर येऊन लोंबत होत्या. अर्ध्या तासात बगळे आले, साळुंक्या आल्या, ट्रॅक्टरच्या अगदी मागे मागे हुमणीच्या अळ्या वेचत होत्या. मला खूप आनंद झाला, तो शब्दात नीट सांगता येत नाहीये.

३० गुंठ्यांना पाच तास लागले, वळणं धरून. यंदा कडेने सुरुवात करून मध्ये संपवलं, म्हणून मधोमध एक चर राहिलाय. दरवर्षी असंच केलं तर माती बांधाकडे जाते आणि रान मध्ये खोलगट होतं, तेव्हा पुढच्या वर्षी मधून सुरुवात करून बाहेर यायचं. ढेकळं आता वळीव येईपर्यंत तशीच उन्हात तापू देणार, लगेच फोडायची नाहीत.

टॉपलिंकच्या आणि उजव्या रॉडच्या आट्यांवर जिथे सेटिंग बरोबर बसलं तिथे लाल नेलपॉलिशची रेघ मारून ठेवलीय, आणि त्या दोन फळ्या नांगरालाच तारेने बांधल्यात.