तुम्ही विचारलंत म्हणून : नागपुरात बसून इंटरनेटचं काय?

लग्नात, बँकेच्या रांगेत, एकदा तर दातांच्या डॉक्टरकडे तोंड उघडं असताना मला हा प्रश्न आलाय. कशावर संशोधन करता? मी म्हणते, इंटरनेटचा जागतिक कारभार आणि ऑनलाइन हक्क. समोरचा क्षणभर थांबतो. "पण ते सगळं तर अमेरिकेत ठरतं ना? नागपुरात बसून तुम्ही काय करता?"

माझे मामा याहून थेट. इतवारीत त्यांचं दोऱ्या-सुतळीचं दुकान आहे. ते म्हणतात, "मालक कोण हाय त्याचा, ते सांग आधी. मंग बोलू."

मालक नाही, मामा. वही आहे. वेबसाइटचं कुठलं नाव इंटरनेटच्या कुठल्या पत्त्यावर जातं याची मुख्य वही बरीच वर्षं जॉन पोस्टेल नावाचे एक अमेरिकन संगणकशास्त्रज्ञ सांभाळत. १९९८ मध्ये त्यासाठी आयकॅन ही ना-नफा संस्था कॅलिफोर्नियात निघाली. तिच्यावर अमेरिकेच्या वाणिज्य खात्याची करारानं देखरेख होती, ती १ ऑक्टोबर २०१६ पासून संपली. संस्था मात्र अजून कॅलिफोर्नियाच्याच कायद्याखाली आहे. मामांनी हे दोन वाक्यांत उरकलं : "म्हंजे किल्ली देल्ली. घर तिथंच."

इतकं नेमकं मला प्रबंधात लिहिता आलेलं नाही.

बऱ्याच देशांना ही वही संयुक्त राष्ट्रांकडे हवी होती, अमेरिकेला नको होती. २००५ मध्ये ट्युनिसच्या परिषदेत तडजोड निघाली : दरवर्षी एक जागतिक मंच भरवायचा. सरकारं, कंपन्या, संस्था, संशोधक, सगळ्यांनी यायचं, बोलायचं. निर्णय मात्र कुणावर बंधनकारक नाही. पहिला मंच २००६ मध्ये अथेन्सला भरला, २००८ चा हैदराबादला. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हसूच आलं, कारण नागपूरकराला हे शिकवावं लागत नाही. आपली राजधानी गेली, त्याआधी १९५३ चा नागपूर करार झाला, आणि वर्षाकाठी एक अधिवेशन पदरात पडलं. डिसेंबरात यशवंत स्टेडियमवरून मोर्चे निघतात, मॉरिस कॉलेज टी-पॉइंटला अडतात, पाच जणांचं शिष्टमंडळ आत जातं, निवेदन देतं, परत येतं. बाहेरचे तोवर शेंगदाणे खात बसलेले असतात.

पण मी निवेदनाला हसत नाही. माझा अर्धा विषय निवेदनंच आहेत.

उरलेला अर्धा, म्हणजे हक्क, अमेरिकेत ठरतच नाही. पालघर आठवतं? नोव्हेंबर २०१२, बाळासाहेब ठाकरे यांचं निधन, मुंबई बंद. एका मुलीनं फेसबुकवर त्या बंदबद्दल लिहिलं, दुसरीनं ते लाइक केलं आणि दोघींना अटक झाली. कलम होतं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६ अ. श्रेया सिंघल ही कायद्याची विद्यार्थिनी सर्वोच्च न्यायालयात गेली आणि २४ मार्च २०१५ रोजी ते कलम रद्द झालं. तसंच इंटरनेट बंदीचं. राज्यात ते बंद करण्याचा आदेश गृह खात्याचे सचिव काढतात. त्या बटणाचा मालक विचाराल तर तो मंत्रालयात आहे. काश्मीरमधल्या इंटरनेट बंदीवरच्या अनुराधा भसीन खटल्यात १० जानेवारी २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की असे आदेश प्रसिद्ध करायला हवेत आणि बेमुदत बंदी चालणार नाही. त्या भरवशावर मी एका कार्यालयाला माहितीच्या अधिकारात आदेशांच्या प्रती मागितल्या. अर्ज दुसऱ्या शाखेकडे वर्ग झाला. त्या शाखेनं तो पहिलीकडे वर्ग केला. दोन्ही पत्रांवर जावक क्रमांक अगदी सुवाच्य होता.

आता दोऱ्या. मामांना दुकानाचं नाव इंटरनेटवर मराठीत हवं झालं, टिंबापुढे 'भारत' लावून, तेही देवनागरीत. ही सोय २०१४ पासून आहे. यंत्रणेच्या आत मात्र 'भारत' असा शब्द नसतो. तिथे असतं एक्स-एन, दोन डॅश आणि पुढे एच-२-बी-आर-जे-९-सी, कारण ती जुनी वही फक्त इंग्रजी अक्षरं, आकडे आणि डॅश ओळखते. मी कागदावर लिहून दाखवलं. मामांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "हे भारत हाय?"

खरी गोची 'दोऱ्या'त आहे. यातला र टंकायच्या दोन रीती. एक, साधा र, हलन्त आणि पाठोपाठ न दिसणारा सांधा. दुसरी, खाली टिंब असलेला ऱ आणि हलन्त. डोळ्यांना दोन्ही सारखे, संगणकाला दोन वेगळे शब्द. म्हणजे एकसारखी दिसणारी दोन दुकानं, त्यातलं एक लबाडाचं. इंटरनेटवरच्या नावांच्या २००३ च्या नियमांत तो सांधा सरळ गाळला जाई आणि दोऱ्याचं 'दोर्या' होई. पुढे ब्राह्मीतून निघालेल्या नऊ लिप्यांचे नियम ठरवायला जाणकारांचा एक गट बसला. 'भारत'सारख्या टिंबापुढच्या नावांत न दिसणारा सांधा चालतच नाही. म्हणून मराठीचा हा र टिंबवाल्या ऱ च्या दारानं आत घेतला गेला. हिंदीचं त्यावाचून काही अडत नव्हतं. अडतं ते मराठीचं, कोकणीचं, नेपाळीचं, आणि ते कुणीतरी तिथे बसून सांगावं लागतं.

तर नागपुरात बसून मी हे करते. अशा नियमांचे मसुदे निघतात, सूचनांसाठी काही आठवड्यांची मुदत असते. तेवढ्यात ते वाचते आणि चार ओळी लिहून पाठवते. टी-पॉइंटवरून.

मागच्या आठवड्यात मामांच्या दुकानाचा नवा फ्लेक्स छापून आला : 'दोर्या, सुतळी, नाडे'. छापणाऱ्याच्या फॉन्टमध्ये तो र बसेना म्हणे. मामांनी शिडी लावली, पिवळ्या रंगानं रफार झाकला आणि य च्या अलीकडे काळ्या ऑइलपेंटनं ती वाकडी रेघ हातानं काढली. जरा जाड झालीय, पण रस्त्यापलीकडून वाचता येते.